राणीच्या बागेतील झाडे पाहण्यासाठी नाशिकहून एका दिवसाची फेरी: टप्पे, क्रम आणि नेहमीच्या चुका

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजेच राणीच्या बागेत जाऊन आलेल्या नाशिककराला तेथे काय पाहिले असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: पेंग्विन पाहिले, वाघ पाहिला, झाडेही पुष्कळ होती. ही ‘झाडेही पुष्कळ’ म्हणजे तीन हजारांहून अधिक झाडे असून त्यांतील काही ब्रह्मदेश, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका येथून आणून लावलेल्या जातींची आहेत. नाशिकच्या कोरड्या हवेत आणि थंडीत त्यांतील काही सहसा तग धरत नाहीत, म्हणून ती पाहण्यासाठी घाट उतरावाच लागतो. मात्र चार तास फिरूनही एक झाड धड न पाहता परतणारी मंडळीच अधिक भेटतात, आणि त्याचे कारण बहुधा वेळेची कमतरता हे नसून चुकलेला क्रम हे असते. पुढील टप्पे त्या क्रमासाठी आहेत. प्राण्यांसाठीच जाणाऱ्यांना यातील प्रवासाचा भाग तेवढा उपयोगी पडेल.

टप्पा १: आधी झाड ठरवावे, मग तारीख

बहुतेक जण सुटी पाहून तारीख ठरवतात आणि मग त्या दिवशी जे दिसेल ते पाहतात. वनस्पतिउद्यानाच्या बाबतीत हे उलटे करावे लागते, कारण बहर नसलेल्या दिवसांत उर्वशीचे झाड शेजारच्या चार हिरव्या झाडांसारखेच दिसते आणि नवखा माणूस त्याच्या सावलीत बसून डबा खाऊनही ते न पाहता निघून जातो.

फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने नवख्यांसाठी सर्वांत सोयीचे आहेत. या काळात सीतेचा अशोक फुलू लागतो, उर्वशीचे लोंबते घोस दिसण्याची शक्यता चांगली असते, काटेसावरीची लाल फुले निष्पर्ण फांद्यांवर असतात आणि उकाडाही सहन होण्याजोगा असतो. एप्रिल व मे महिन्यांत आपले राज्यपुष्प असलेला तामण, तसेच बहावा फुलतो, परंतु मुंबईचा दमटपणा नाशिकच्या माणसाला दुपारी बारानंतर पुरता थकवून टाकतो; घरी ४० अंश सोसणाऱ्यालाही तेथील ३४ अंश झेपत नाहीत, कारण घाम वाळतच नाही. गोरखचिंचेची फुले पावसाच्या तोंडावर येतात. कैलासपती मात्र वर्षाच्या बऱ्याच भागात कमीअधिक फुललेला असतो, त्यामुळे तारीख चुकली तरी तो सहसा निराश करत नाही.

एका भेटीसाठी चार मुख्य झाडे आणि फार तर दहा दुय्यम झाडे निवडावीत. ही संख्या कमी वाटेल, पण पहिल्या वेळी मी चाळीस नावांची यादी घेऊन गेलो होतो आणि दिवसभर यादीवर खुणा करण्यापलीकडे काहीही केले नाही.

> तपासणी: निवडलेल्या प्रत्येक झाडापुढे ‘या महिन्यात त्याचे काय दिसेल?’ याचे उत्तर लिहिता आले पाहिजे. फूल, फळ, नवी पालवी, पानगळ किंवा केवळ खोड यांपैकी एकही उत्तर नसेल, तर ते झाड या खेपेच्या यादीतून काढावे.

टप्पा २: डोळ्यांचा सराव नाशिकमध्येच करावा

हा टप्पा जवळजवळ सर्वच जण गाळतात. झाड ओळखण्याचे प्राथमिक धडे बागेत उभे राहून घेण्यात तेथील मोलाचा वेळ जातो. ते धडे आधीच्या दोन रविवारी पांडवलेणीच्या पायथ्याच्या नेहरू वनोद्यानात किंवा आपल्या वसाहतीतल्या रस्त्यावर विनासायास घेता येतात.

पहिला धडा पान आणि पर्णिका यांतील फरकाचा आहे. कडुनिंबाच्या काडीवरील प्रत्येक हिरवे पाते म्हणजे पान नव्हे, तर ती संपूर्ण काडी हे एक पान आणि ती पाती म्हणजे त्याच्या पर्णिका होत. खात्री करण्याची रीत सोपी आहे: पानाच्या देठाच्या बेचक्यात, जेथे तो फांदीला जुळतो तेथे, डोळा किंवा कोंब असतो, पर्णिकेच्या तळाशी तो नसतो. कडुनिंब, चिंच, शेवगा आणि बहावा या चार झाडांवर हा सराव झाला, की उर्वशी आणि सीतेचा अशोक यांची पाने पाहताना गोंधळ होत नाही.

दुसरा धडा ‘अशोका’चा. बंगल्यांच्या कुंपणांना लागून सरळसोट वाढलेली, नागमोडी कडांच्या लांबट पानांची जी झाडे आपण सर्रास अशोक म्हणून दाखवतो, ती आसुपालवाची आहेत. त्यांना हिरवट, सहज न दिसणारी फुले येतात. सीतेचा अशोक हे निराळ्या कुळातील झाड असून त्याचे पान संयुक्त, म्हणजे अनेक पर्णिकांचे, असते व नारिंगी फुलांचे गुच्छ थेट जुन्या फांद्यांवरही येतात. हा फरक आधी न समजलेला माणूस राणीच्या बागेत खऱ्या अशोकापुढे उभा राहून ‘हा अशोक नाही’ असे ठामपणे सांगतो, आणि सोबतची मुलेही तेच शिकतात.

तिसरा धडा थोडक्यात: प्रवासी ताड हा ताड नसून केळीला जवळचा आहे, आणि सायकस ताडासारखा दिसत असला तरी त्याला फुले येतच नाहीत. ताडासारखे दिसणारे सर्व काही ताड मानू नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

टप्पा ३: वार, तिकीट आणि पिशवी

उद्यान बुधवारी बंद असते. हे वाक्य जितके साधे तितकी त्यामुळे झालेली फजिती मोठी असते. अकरा जणांना घेऊन बुधवारी बंद फाटकापुढे उभे राहण्याचा अनुभव मी स्वतः घेतला असून त्यानंतरचे दोन तास सर्वांची समजूत घालण्यात गेले. बुधवारी सार्वजनिक सुटी आल्यास उद्यान त्या दिवशी उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे सणाच्या आठवड्यात गुरुवारही तपासावा. शनिवार, रविवार आणि शाळांच्या सुट्यांचा काळ टाळता आल्यास सोमवार किंवा मंगळवार निवडावा. फाटक सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडते आणि तिकीट खिडकी बाग बंद होण्यापूर्वीच बंद होते. तिकिटे महापालिकेच्या संकेतस्थळावरूनही काढता येतात, आणि त्याच वेळी तेथील चालू वेळा व दर पाहून घ्यावेत.

पिशवीत दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग, साधी दुर्बीण, पेन्सिल, वही, शिंप्याची मोजपट्टी आणि पाण्याची धातूची बाटली असावी. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा, कारण दाट सावलीत डास असतात. शाईच्या पेनाऐवजी पेन्सिल सुचवण्याचे कारण घाम आहे: ओल्या हाताखाली शाई पसरते.

टप्पा ४: नाशिकरोड ते भायखळा

एका दिवसात जाऊन येण्यासाठी सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून सुटणारी पंचवटी एक्स्प्रेस हाच व्यवहार्य पर्याय आहे. आसन आरक्षित करूनच जावे आणि चढताना डब्याचा क्रमांक नीट पाहावा, कारण या गाडीत पासधारकांसाठी राखीव डबे असतात आणि तेथे चुकून बसलेल्या पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांतच उठावे लागते. पासधारकांचीही चूक नाही; वर्षानुवर्षे रोज जाणाऱ्या माणसाची ती हक्काची जागा असते.

कोठे उतरावे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दादरला उतरून मध्य रेल्वेची लोकल घेतली, तर अंतर कमी पडते. जलद लोकल दादरनंतर थेट भायखळ्याला थांबते. परंतु त्या वेळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणाऱ्या लोकल नोकरदारांनी भरलेल्या असतात. ज्येष्ठ किंवा लहान मुले सोबत असल्यास मी गाडीने थेट टर्मिनसला जाऊन तेथून उलट दिशेची लोकल घेण्याचा सल्ला देतो: मशीद आणि सँडहर्स्ट रोड ही दोन स्थानके मागे टाकली की भायखळा येते, आणि गर्दीच्या विरुद्ध दिशेमुळे बसायलाही मिळते. पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतात, पण घामाघूम होऊन बागेत शिरण्यापेक्षा ती परवडतात.

> सावधान: दादर येथे पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांचे फलाट आहेत. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये चढल्यास भायखळा येणारच नाही. भायखळ्याला उतरताना स्थानकाच्या पूर्वेकडून बाहेर पडावे, तेथून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील फाटक चालत सुमारे दहा मिनिटांवर आहे.

पावसाळ्यात कसारा घाटातील दरडींमुळे गाड्या उशिराने धावतात किंवा रद्द होतात, म्हणून निघण्यापूर्वी त्याच पहाटे गाडीची स्थिती पाहावी. मोटारीने जाण्यास हरकत नाही, परंतु भायखळ्यात वाहनासाठी जागा शोधण्यात सकाळ जाते.

ज्यांना फुलांचा सुगंध अनुभवायचा आहे किंवा गोरखचिंचेची फुले पाहायची आहेत, त्यांनी आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करून फाटक उघडताच आत जावे. पंचवटीने आलेला माणूस बागेत पोहोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात.

टप्पा ५: आत शिरल्यानंतरचा पहिला अर्धा तास

लोंढा सरळ पेंग्विन कक्षाकडे जातो. त्याच्यासोबत जाऊ नये. प्रथम फाटकाजवळच्या नकाशाचे छायाचित्र घ्यावे, मग एखाद्या बाकावर बसून आपल्या चार झाडांचा क्रम लावावा. बागेतील माळ्यांना विचारणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. मात्र ‘माळीकाका, येथे चांगले काय आहे?’ असे न विचारता ‘काका, उर्वशी कोठे आहे, आणि सध्या तिला फूल आहे का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला बोटाने पिंजऱ्यांची दिशा दाखवली जाते, दुसऱ्या प्रश्नाला माणूस हातातले काम ठेवून सोबत येतो.

आधी सुगंधी आणि फुललेली झाडे, मग खोडे, आणि दुपारी केवळ सावलीसाठीची झाडे, असा क्रम ठेवावा. उशीर होईल तसा कैलासपतीचा वास मंदावतो आणि पाकळ्या गळतात, तर गोरखचिंचेचे खोड कोठेही जात नाही. नामफलकावर विसंबावे, पण डोळे मिटून नव्हे: फलक कधी शेजारच्या झाडाचा असतो, कधी वेलीने झाकलेला असतो.

टप्पा ६: झाडापुढे उभे राहून काय पाहावे

प्रत्येक मुख्य झाडाला किमान वीस मिनिटे द्यावीत. प्रथम दहा पावले दूरून आकार पाहावा, मग जमिनीवर काय पडले आहे ते पाहावे, नंतर खोड, आणि शेवटी पान व फूल. बहुतेक जण थेट फुलाकडे कॅमेरा नेतात आणि घरी आल्यावर पान कसे होते हे कोणालाच आठवत नाही.

*उर्वशी.* हे मूळचे ब्रह्मदेशातील झाड असून त्याला बी क्वचितच धरते, त्यामुळे ते कोठेही विपुल नसते. लांब देठांवर उलटे लोंबणारे लाल घोस आणि पाकळ्यांच्या टोकांवरील पिवळा ठिपका ही त्याची खूण आहे. फुले थोडेच दिवस टिकतात. फूल नसेल, तर नवी पालवी शोधावी: ती फांदीवरून मलूल, तपकिरी-गुलाबी झिपऱ्यांसारखी लोंबत असते, आणि येथेच मोठी चूक होते. ‘झाड वाळत चालले आहे, कोणी पाणी घालत नाही’ असे म्हणत लोक हळहळतात, प्रत्यक्षात ती पाने नुकतीच उमललेली असतात आणि काही दिवसांत हिरवी होऊन ताठ होतात. सीतेचा अशोक आणि ब्राऊनिया यांची नवी पालवीही अशीच लोंबते, कारण ही तिन्ही झाडे शेंगावर्गातील एकाच उपकुळातली आहेत. तिन्हींची पालवी एकाच दिवशी पाहायला मिळाली, तर तीच त्या फेरीची खरी कमाई समजावी.

*सीतेचा अशोक.* भिंगाची गरज येथे पडते. ज्याला आपण पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नसून रंगीत निदलपुंज, म्हणजे फुलाचे सर्वांत बाहेरचे वलय, असतो. या फुलाला पाकळ्याच नसतात. ताजी फुले पिवळट-नारिंगी आणि जुनी लालसर असतात, म्हणून एकाच गुच्छात दोन-तीन छटा दिसतात. झाडाखाली पडलेले फूल तळहातावर घेऊन पाहावे, वरचे तोडू नये.

*कैलासपती.* याची फुले पानांच्या जवळ न येता खोडावरूनच निघालेल्या लांब, गुंतागुंतीच्या काड्यांवर येतात. फुलाच्या मध्यावर फण्यासारखी वाकलेली पुंकेसरांची पट्टी असते, आणि तिच्याखाली पिंडीसारखा दिसणारा भाग, म्हणून आपल्याकडे भाविक त्याला महादेवाशी जोडतात. झाड मात्र मूळचे दक्षिण अमेरिकेचे आहे. त्यालाच नागचाफा म्हणण्याची चूक नाशिकमधील रोपवाटिकांतही ऐकू येते. नागचाफा हे भारतीय, पांढऱ्या चार पाकळ्यांचे आणि अगदी वेगळे झाड आहे.

> सावधान: कैलासपतीची फळे तोफेच्या गोळ्याएवढी, गोल व जड असतात आणि पूर्वसूचना न देता पडतात. लहान मुलांना त्याच्या खोडाशी उभे करून छायाचित्र काढू नये. फुटलेल्या फळाच्या गराला दुर्गंधी येते, ते उचलण्याचा मोह टाळावा.

*गोरखचिंच.* आफ्रिकेतील या झाडाचा जाड बुंधा मऊ, पाणी साठवणाऱ्या लाकडाचा असतो. कोरड्या महिन्यांत ते निष्पर्ण असते. मार्चमध्ये गेलेल्या माणसाने त्याला मेलेले समजू नये. पाने असतील, तर एका देठावर हाताच्या पंज्याप्रमाणे पसरलेल्या, बहुधा पाच, पर्णिका मोजाव्यात. फुले मोठी, पांढरी असून लांब देठावर खाली लोंबतात, रात्री उमलतात आणि वटवाघळांकरवी परागण होते. सकाळी येणाऱ्याला ती झाडाखाली पडलेली सापडतात. मोजपट्टी येथे काढावी. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजण्याचा संकेत आहे; वाटेल त्या उंचीवर मोजलेल्या आकड्याची दुसऱ्या झाडाशी तुलना करता येत नाही. झाडाभोवती कुंपण असल्यास ते ओलांडून मोजमाप करू नये, दुरून अंदाज लिहावा. सालीवर नावे कोरण्याचा उद्योग अशा गुळगुळीत बुंध्यांच्या वाट्याला फार येतो आणि त्या जखमा बुंध्यासोबत रुंदावत जातात, हे मुलांना तेथेच दाखवून द्यावे.

दुय्यम झाडांसाठी प्रत्येकी पाच मिनिटे पुरतात. ब्राऊनियाचे चेंडूसारखे लाल गुच्छ पानांच्या आड लपलेले असतात, त्यामुळे झाडाच्या छत्राखाली शिरून वर पाहावे लागते; मात्र वर बगळे किंवा वटवाघळे बसलेली नाहीत ना, हे आधी पाहून घेतलेले बरे.

> तपासणी: पुढच्या झाडाकडे वळण्यापूर्वी वहीत चार गोष्टी असाव्यात: पान साधे की संयुक्त, साल कशी, फूल किंवा फळ कोठून निघाले आहे, आणि झाडाखाली काय पडले आहे. छायाचित्रे पान, साल, फूल आणि संपूर्ण झाड अशी चारच, पण त्याच क्रमाने काढावीत, म्हणजे घरी कोणते पान कोणत्या झाडाचे हा वाद होत नाही.

टप्पा ७: प्राणी आणि संग्रहालय नंतर

दुपारी दोननंतर प्राण्यांकडे वळावे. पेंग्विन कक्ष शेवटी ठेवण्याचे एक तांत्रिक कारणही आहे: थंड केलेल्या कक्षातून दमट हवेत आल्यावर कॅमेऱ्याच्या भिंगावर बाष्प धरते आणि काही वेळ एकही छायाचित्र स्वच्छ येत नाही. प्राण्यांना खाऊ घालणे, डिवचणे किंवा आरडाओरडा करून त्रास देणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. ‘एक चिप्स दिल्याने काय होते’ हा युक्तिवाद तेथे करू नये.

फाटकालगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे तिकीट वेगळे असते आणि तेही बुधवारी बंद असते. झाडे, प्राणी आणि संग्रहालय ही तिन्ही एका दिवसात कोंबल्यास तिन्ही अर्धवट होतात. माझ्या मते संग्रहालय दुसऱ्या खेपेसाठी ठेवावे.

टप्पा ८: परतीचा प्रवास आणि नोंदी

परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास टर्मिनसहून सुटते. आरक्षण करतानाच चढण्याचे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे निवडावे, दादर नव्हे. संध्याकाळी पाचनंतर भायखळ्याहून दादरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायलाही जागा नसते, तर टर्मिनसकडे जाणाऱ्या लोकल तुलनेने मोकळ्या असतात. बाग पावणेपाचला सोडावी, म्हणजे स्थानकावर चहा पिऊनही गाडी निवांत मिळते.

गाडीत बसल्यावर झोप लागण्यापूर्वी, म्हणजे साधारण कल्याण येईपर्यंत, वहीतील तुटक नोंदी पूर्ण कराव्यात. ज्या झाडाची ओळख पटली नाही त्याच्यापुढे अंदाजाने नाव न लिहिता प्रश्नचिन्ह ठेवावे आणि पान, साल व फुलाचे वर्णन तसेच राहू द्यावे. चुकीचे नाव एकदा लिहिले, की पुढच्या खेपेला आपण तेच झाड पुन्हा न पाहता पुढे जातो.